उलटा सेल

"दोन्ही सेल एकदम बदलायचे हं, बाबा. एक जुना, एक नवा असं चालत नाही. आणि स्टुलावर चढू नका; सेन्सर नुसता वर सरकवला की निघतो."

सुनेने चपला पायांत सरकवता सरकवता सूचना दिल्या. मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. निवृत्त होईपर्यंत ज्याने शाळेत विजेचा धडा शिकवला, त्याला सेल कसे बसवावेत हे आता घरात ऐकावे लागत होते.

"अधिक-उणेही सांगून टाक. नाहीतर म्हातारा उलटे बसवायचा."

"तसं नाही हो. हिरवा दिवा लुकलुकला की झालं, एवढंच बघा. मलाही फोनवर कळेल."

"कळणारच. त्यासाठीच तर लावलाय."

सुनेने पर्स खांद्याला अडकवली. कचेरीची वेळ झाली होती, ती निघून गेली.

मास्तर स्वयंपाकघरात त्या पांढऱ्या डबीसमोर उभे राहिले. मधुमेह असताना साखरेच्या बरणीत चमचा घालताना ते पकडले गेले, त्याच आठवड्यात ती भिंतीवर येऊन बसली होती. बरोबर शेगडी आणि बरणी यांच्या मधोमध. कशासाठी, हे त्यांनी विचारले नाही. पहारेकरी का नेमला, हे चोराने विचारू नये. तेव्हापासून दुपारी सुनेचा फोन येई, बायको आत जाऊन हलक्या आवाजात म्हणे, "हो गं, आहे माझं लक्ष," आणि बाहेर बसलेल्या मास्तरांच्या कानांच्या पाळ्या तापत. मांजराला दुधापासून राखावे तसे आपल्याला राखतात, ही लाज ते औषधाच्या गोळीबरोबर रोज गिळत.

दिलासा एकच होता, बायकोचा. अलीकडे ती त्यांच्या चहात गुपचूप साखर घालू लागली होती. रोज नव्हे, मधूनच. कधी एक कप संपतो न संपतो तोच दुसराही आणून ठेवी. मास्तर अवाक्षर न काढता पीत. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. काय पक्की आहे, असे ते मनाशी म्हणत. राज्य सुनेचे असले तरी फितूर आपल्या बाजूचा आहे!

त्यांनी सेन्सर उतरवला. जुने सेल काढून कागदात वेगळे गुंडाळले, स्प्रिंगा कोरड्या फडक्याने पुसल्या. सारे कसे शास्त्रशुद्ध. मग पहिला नवा सेल सुलट बसवला आणि दुसरा उलटा. याच चुकीसाठी त्यांनी मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे गुण कापले होते. दिवा लुकलुकला नाही. त्यांनी झाकण लावून सेन्सर जागच्या जागी अडकवला.

"झालं का हो?" बायकोने दारातून विचारले.

"झालं. आता चहा दे फक्कड."

चहा आला. गोड होता. मास्तर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले, पण एकही ओळ डोक्यात शिरेना. थोड्या वेळाने बायकोने दुसरा कप आणून ठेवला, तोही गोड; मग दोन्ही रिकामे कप ती आत घेऊन गेली. सुनेशी आपण खोटे वागलो, ही टोचणी त्या गोडीत काही विरघळली नाही.

मग करपट वास आला.

मास्तर आत धावले. शेगडीवरचे पातेले कोरडे पडून काळे झाले होते आणि शेजारच्या फडक्याचा कोपरा धुमसत होता. त्यांनी गॅस बंद केला, फडके सिंकमध्ये टाकून नळ सोडला, खिडकी उघडली. बायको तिकडे गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होती.

तेवढ्यात सून धापा टाकत दारात आली. "बाबा, फोनवर सेन्सर बंदच दिसतोय. मी अर्ध्या वाटेतून परत..." पातेले पाहून ती थबकली.

मास्तरांनी मान खाली घातली. "मी सेल उलटा बसवला. मुद्दाम. या वयात साखरेवरून पहारा... लाज वाटते गं."

"साखरेवरून?" सून त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिने आवाज उतरवला. "बाबा, शेगडी पेटलेली असली आणि इथं कुणी नसलं की तो मला कळवतो. आईंनीच लावून घेतलाय. तुम्हाला सांगू नकोस म्हणाल्या. त्यांना लाज वाटते."

बायको पदराला हात पुशीत आत आली.

"अगंबाई, हे पातेलं कुणी जाळलं?" ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून चुकचुकली. "आणि या गडबडीत तुमचा चहा राहिलाच की हो आज!"

तिने सिंकमधले त्यांचे दोन्ही रिकामे कप बाजूला सारले, दुसरे पातेले शेगडीवर ठेवले आणि बरणीचे झाकण उघडले.

"साखर किती घालू तुम्हाला?"