धुडकूनानांचा डाव

एरंडोलच्या धुडकू पहिलवानांना आताशा घरचं कुणीच ओळखू येत नव्हतं. एके काळी त्यांच्याशी लढलेले नरडाण्याचे रुपचंद आबा भेटायला आले, तर त्यांच्याकडेही नाना परक्यासारखे बघत राहिले.

मग एकदम म्हणाले, "तू कुस्त्या देखस का? नरडाणाना रुपचंदले मीच चीत करं व्हतं."

"कसं करं?" आबांनी विचारलं.

नाना खाटेवरून उठले. त्यांनी आबांचा दंड धरला आणि खांद्याने रेटा दिला. आबा गुडघे सांभाळत हळूहळू खाली बसले आणि सतरंजीवर उताणे पडले. नाना खुदकन हसले. सकाळपासून घास न घेतलेले नाना मग लेकीच्या हातून निमूट जेवले.

लेक कोकिळा आबांना सोडायला दारापर्यंत आली. "आबा, ती कुस्ती तर तुम्ही मारली होती ना? नानांनीच आम्हाला सांगितलंय. गावभर सांगायचे, रुपचंदसारखा पहिलवान होणे नाही."

आबा चपला घालत म्हणाले, "इतला वरीस त्यानी मन्हं नाव मोठं करं, बेटा. आज मन्ही पाळी व्हती."