दाजींचा पहारा

“डोळे मिटू नकोस,” दाजी म्हणाले. “मिटलेस की मला कळत नाही, झोप लागलीय की फिट आलीय.”

खाटेवरचा मेहुणा निमूटपणे डोळे उघडे ठेवून दाजींकडे बघत राहिला. पाय प्लास्टरमध्ये, कपाळाला पट्टी.

दोघे एकाच मोटारसायकलवरून एकाच खड्ड्यात पडले होते. गावच्या दवाखान्यात खाट एकच रिकामी होती. दाजींनी मोठ्या मनाने ती मेहुण्याला दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. टाके त्यांच्याही डोक्याला पडले होते, पण बसच्या ड्रायव्हरने असल्या गोष्टींचं कौतुक करायचं नसतं. वरून टोपी घातली की झालं.

सकाळी डॉक्टर खाटेपाशी उभे राहून म्हणाले होते, “डोक्याचा मार आहे, फिट येऊ शकते. नजर हटू देऊ नका. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, तर घरी जा.”

दाजींचा सगळा जीव त्या संध्याकाळीत अडकला होता. उद्या डेपोत नवी कोरी बस येणार होती. उभा जन्म खटारा हाकल्यावर ती त्यांच्या हाती येणार होती. मेहुण्याला आज फिट आली, तर बायको भावाला सोडून हलू देणार नाही आणि बस भलत्याच्याच घशात जाईल. म्हणून दाजी डोळ्यांत तेल घालून बसले होते.

मध्येच त्यांच्या नाकात क्लच जळल्याचा वास शिरला. “बाहेर कुणीतरी गाडीची वाट लावतंय,” म्हणत त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. चहा थंडगार!

“नर्सबाई, पेशंटच्या माणसाला असला गार चहा देतात होय?”

“वाफाळता दिला होता,” नर्स म्हणाली आणि तिने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने हळूच मान हलवली.

दोघांचं काहीतरी शिजत होतं. मेहुणा लग्नाचा होता, म्हणून दाजींनी कानाडोळा केला. नर्सनेही लगेच माया दाखवली. स्टूल काढून घेतलं, हात असलेली खुर्ची दिली आणि वर एक गोळी. होणाऱ्या नातेवाइकाचा मान तिला कळत होता.

दुपारी पुन्हा तो क्लच जळला. थोड्या वेळाने दाजी ओरडले, “माझं केळं कुठंय?”

“तुम्हीच खाल्लंत, दाजी.”

“मग साल कुठंय?”

मेहुणा दाजींच्या तोंडाकडे बघत राहिला.

“खोटं बोलायलाही अक्कल लागते,” दाजी म्हणाले. तोंड मात्र उगाचच तुरट झालं होतं.

संध्याकाळी तिसऱ्यांदा तोच वास आला. दाजी दाराकडे बघत होते, तरी डॉक्टर कधी आत आले ते त्यांना कळलंच नाही. माणूस मांजराच्या पावलांनी चालत असावा.

“डॉक्टरसाहेब, दिवसभर पापणी लवू दिली नाही!” दाजी छाती फुगवून म्हणाले. “एकही फिट नाही. सोडा आम्हाला.”

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते खाटेकडे वळले. “हं, तुम्ही सांगा. दाजींना किती वेळा आली?”

मेहुण्याचे डोळे भरून आले.

“चहाच्या वेळी एकदा, केळ्याच्या वेळी एकदा आणि आत्ता, तुम्ही दारातून आत येताना,” तो म्हणाला. “त्या बसचं तुम्हीच सांगा, डॉक्टर. माझं ते ऐकणार नाहीत.”