एका नावाचे दोघे
केंटकीच्या डोंगरात मे महिन्यात पूर्वजांना फुलं वाहायच्या रविवारी आमचं कुळ जोसाया ब्लेव्हिन्सच्या थडग्यापाशी जमलं. घरच्या गोष्टींतला, सरहद्दीचं ठाणं एकट्याने राखणारा मूळपुरुष हाच, हे वंशावळीच्या पुस्तकात मीच छापलं होतं. "मी गेलो की मला इथंच पुरा," ऐंशीचे ऑर्विलकाका म्हणाले. "शेजारी जागा घेतलीय. जोसायाआजोबांनाही गप्पांना कुणी हवंच की!" मला राहवेना. "काका, हा आपला नव्हे. याचं मृत्युपत्र कोर्टाच्या कचेरीत सापडलं. याला मूलबाळच नव्हतं. आपला जोसाया दुसरा, घोडे चोरून पळालेला." थडग्यांशेजारीच सगळ्यांच्या जेवणाची ताटं वाढणाऱ्या बायका थबकल्या. काकांनी टोपी काढून पुन्हा घातली. "तरीच माझी घोड्यांची हौस जात नाही!" ते ओढूनताणून हसले. "जाऊ दे गं. एका नावाचे दोघे, चूक होणारच." मी मान डोलावली. ते मृत्युपत्र मी पुस्तक छापण्याआधीच वाचलं होतं.