मोजणी प्रेक्षकांची

“घड्याळ कुठून आणायचं?” स्पर्धेच्या बैठकीत रेवसच्या सरोजिनीबाईंनी विचारलं.

नवा नियम श्रीवर्धनच्या तात्यांचाच. मुलींच्या बेसबॉलकडे कुणी फिरकत नव्हतं. पिचर टोपी सारखी करायची, बॅटर बूट झटकायची, तोवर प्रेक्षक चहा पिऊन घरी. आता पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा. पिचरनं उशीर केला तर फेक वाया, बॅटर रेंगाळली तर एक स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की बाद.

“आमच्या रेवसकडे असलं घड्याळ न्हाय,” बाई म्हणाल्या. “प्रेक्षकांनीच मोजावं. मोठ्यानं.”

तात्यांनी चेहरा हलू दिला नाही. रविवारचा अंतिम सामना श्रीवर्धनात, म्हणजे प्रेक्षक त्यांचेच. श्रीवर्धननं स्पर्धेची ढाल दोनदा जिंकलेली. तिसऱ्यांदा जिंकली की कायमची गावाची. आड येत होती ती एकटी पूनम, रेवसची यंदाच आलेली पिचर. अख्खं गाव बोंबलायला लागल्यावर कोण सरळ फेकतं? बाईंनी आपल्याच हातानं खड्डा खणला होता. तात्यांनी तत्काळ अनुमोदन दिलं, वर बाईंच्या कल्पकतेचं कौतुकही केलं. कौतुकाला काय लागतं?

रविवारी मैदान कधी नव्हे ते फुललं. तात्यांनी ढोलही आणवला. अंपायरनं हात खाली टाकला की गाव सुरू व्हायचं. पंधरा! चौदा! तेरा!

पूनम कॅचरच्या, मृणालीच्या एकेक मिटणाऱ्या बोटांकडे बघायची आणि तीनच्या ठोक्याला चेंडू सोडायची. दर वेळी तीनलाच. कानठळ्या बसल्या त्या श्रीवर्धनच्याच बॅटरना. कर्णधार निवेदिता धावत आली. ओरडणं जरा कमी करायला सांगा, डोकं चालत नाही, म्हणाली. हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय, असं सांगून तात्यांनी तिला परत पाठवलं.

शेवटची इनिंग. रेवस एका धावेनं पुढे, श्रीवर्धनच्या दोघी बाद, निवेदितावर दोन स्ट्राइक. ढोल फुटायच्या बेतात. पाच! चार! तीन!

बॅट हवेतच फिरली.

मग घसा बसलेलं तेच गाव उठलं आणि पाहुण्या पोरीसाठी टाळ्यांचा कडकडाट झाला. रेवसच्या मुलींनी पूनमला खांद्यावर घेतलं. असला सामना श्रीवर्धननं पाहिला नव्हता.

ढाल गेली होती, पण मैदान भरलं होतं, नियम गाजला होता. तात्यांनी मन मोठं केलं. पूनमला खाली उतरवल्यावर ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

“पोरी, मानलं तुला. एवढ्या गोंगाटात डगमगली नाहीस.”

पूनम वळली नाही. तात्यांनी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. तरी नाही.

“समोर येऊन बोला, तात्या,” सरोजिनीबाई हळूच म्हणाल्या. “पूनमला ओठ बघूनच कळतं.”