निनादचा ग्रह

"आमच्या निनादच्या नावावर एक ग्रह आहे," शिर्केकाका पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाले. "तुमच्या मुलीच्या?"

केतकीचे वडील घुटमळले. अवकाश दुर्बिणींची निरीक्षणं फोनवर मिळू लागल्यापासून साताऱ्यात घरोघरी लोक दूरच्या ताऱ्यांचे ग्रह शोधत होते. लग्न ठरवताना पूर्वी पत्रिकेतले ग्रह बघत, आता शोधलेले.

"एक होता," केतकीच म्हणाली. "गेल्या महिन्यात मीच रद्द करून घेतला. ताऱ्यावरचा डाग निघाला तो."

आईने कपाळाला हात लावला. काकांनी मात्र मोठ्या मनाने हसून मुलाच्या ताऱ्याचा आलेख केतकीपुढे धरला. ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश जरासा मंदावतो. इथेही तो ठरावीक वेळाने मंदावत होता, पण एकदा जास्त, एकदा कमी, पुन्हा जास्त. बोलावं तर स्थळ हातचं जाणार, गप्प बसावं तर जन्मभर या ग्रहाचं कौतुक ऐकावं लागणार.

"काका, हा ग्रह नाही. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आहेत. कधी मोठा झाकला जातो, कधी लहान."

काकांचा चेहरा पडला. त्यांच्या शेजारी बसलेल्या निनादने मान वर केली.

"बाबा, मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. तुम्ही गावभर पेढे वाटले होते, म्हणून सांगायचा धीर झाला नाही."

काकांनी आलेख बाजूला ठेवला. मग केतकीच्या वडिलांकडे वळले.

"व्याही, मुलगी पसंत आहे. लग्नपत्रिकेत तेवढा ग्रहच छापू."

"नाही!" केतकी आणि निनाद एकदमच म्हणाले.