सैल बटण

शिंपीणबाईंची उजवी मूठ कालपासून उघडली नव्हती. चहा डाव्या हाताने, वेणी अर्धवट, आणि ती मूठ छातीशी घट्ट.

"कालची गोळी लपवली असणार, दुसरं काय!" मोठ्या सिस्टर दारातून म्हणाल्या. "मूठ उघडतायत का बघ. नाहीतर बोलावते मदतीला."

मदतीला बोलावणं म्हणजे काय, ते धाकट्या सिस्टरला चांगलंच ठाऊक होतं. काल दुसऱ्या दोघींनी शिंपीणबाईंना धरलं होतं आणि इंजेक्शन हिने दिलं होतं. त्या झटापटीत बाईंनी कॉलरला असा हिसडा दिला, की गळ्याजवळचं बटण उडालं आणि मानेवर ओरखडे उठले. मनोरुग्णांच्या या वॉर्डात टाचणी आणायलाही बंदी. म्हणून आज कॉलरला ड्रेसिंगची चिकटपट्टी लावलेली. सकाळीच तिने ठरवून टाकलं होतं, दुपारी मेट्रनना गाठायचं आणि बाळंतिणींच्या वॉर्डात बदली मागायची; मोठ्या सिस्टरना तसं सांगितलंही होतं. तिथेही बायका आरडाओरडा करतात, पण त्यांना निदान कारण असतं.

गोळी आणि पाणी घेऊन ती खाटेच्या अगदी टोकाला बसली. 

"मूठ राहू द्या, शिंपीणबाई. आधी एक सांगते. काल मी फार घाबरले होते."

शिंपीणबाईंनी मान वर केली. "तुम्ही? तुम्ही तर तिघीजणी होतात."

"तरीही."

"मला वाटलं, मी एकटीच." मग त्यांची नजर कॉलरवर गेली आणि नाक मुरडलं गेलं. "ही काय तऱ्हा? कपड्याला चिकटपट्टी! माझ्या दुकानात कुणी असं आलं असतं ना, तर दारातूनच परत पाठवलं असतं."

आणि मूठ उघडली. घामेजलेल्या तळव्यावर एक पांढरं बटण होतं.

"खाटेखाली घरंगळलं होतं. केरात गेलं असतं, म्हणून धरून ठेवलं. सुई आणा."

सुई! धाकट्या सिस्टरने दाराकडे पाहिलं. मोठ्या सिस्टरचा हात कमरेच्या किल्ल्यांकडे गेला.

"गळा तुझा आहे, बाई," त्या म्हणाल्या. "तूच सांग."

"आणा," धाकटी म्हणाली. 

कुलपातून सुईदोरा आला. मोठ्या सिस्टर खाटेला खेटून उभ्या राहिल्या. शिंपीणबाईंनी चिकटपट्टी हलकेच सोलली. खालचे ओरखडे दिसले तसा त्यांचा हात थबकला. त्यांनी त्यावर फुंकर घातली, बटण जागेवर धरलं आणि सुई उचलली. धाकट्या सिस्टरने डोळे गच्च मिटले. खांदे कानांना टेकले.

"अंग सैल सोडा बघू," शिंपीणबाई मायेने म्हणाल्या. "काही नाही होत. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

मोठ्या सिस्टर फिस्सकन हसल्या. इंजेक्शन देताना दिवसभर हिच्याच तोंडी असलेलं वाक्य! धाकटीलाही हसू फुटलं.

"हलू नका म्हटलं ना!"

दोरा दातांनी तुटला. सुई मोठ्या सिस्टरच्या हातात परत गेली. शिंपीणबाईंनी गोळी गिळली, कुणी न सांगता आ वासला आणि जीभसुद्धा वर करून दाखवली.

"जा मग, मेट्रन आल्या असतील," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"कुठे निघालात?" शिंपीणबाईंनी विचारलं. "त्याच्या खालचं बटणही सैल झालंय. उद्या तेही शिवून देते."

धाकट्या सिस्टरने खालचं बटण ओढून पाहिलं. चांगलं घट्ट होतं.

"अगंबाई, खरंच की," ती म्हणाली. "पार सुटायला आलंय. उद्या सकाळीच येते."