दोन पंचमांश

"दोन पंचमांश!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

फळ्यावर गणित होतं: अर्धा अधिक एक तृतीयांश. मुलं जिला 'छोट्या बाई' म्हणत, तिच्या हातातला खडू घामाने ओला झाला. ती अजून स्वतःच विद्यार्थिनी होती. अध्यापन महाविद्यालयाने शेवटच्या वर्षी सहा आठवडे या परक्या, दमट देशात शिकवायला पाठवलं होतं. विमानातून उतरून चार दिवस झाले होते आणि चारही दिवस जिवाला चैन नव्हती. कपडे वाळत नव्हते, भूक मेली होती. पण खरा ताप मागच्या बाकावर होता.

तिथे मोठ्या बाई बसत, वर्गाच्या नेहमीच्या शिक्षिका. पहिल्या दिवसापासून मान खाली घालून वहीत लिहीत. शाबासकी नाही, की टोकणं नाही. छोट्या बाईंचे गुण त्यांच्याच हातात होते.

"माझं काही खरं नाही," तिने सकाळीच आईला फोनवर सांगितलं होतं. "दुसरी शाळा मागून घेते."

"चार दिवसांत? अगं, जरा दम धर."

दम कुठून धरणार? काल दोन पंचमांश, आजही दोन पंचमांश. चाळीस मुलं आणि एकच चूक: वरचे आकडे वेगळे मिळवायचे, खालचे वेगळे. पोरं आपली फिरकी घेताहेत, असं वाटून तिचं डोकं तापलं. तिने फळा पुसला, कागदाची लांब पट्टी घेतली आणि घड्या घालून सहा सारखी घरं पाडली.

"अर्धी पट्टी म्हणजे किती घरं?"

"तीन!"

"आणि तृतीयांश?"

"दोन!"

तिने पाच घरं रंगवली. "सहातली पाच. मला सांगा, अर्ध्यात भर घातली, तर उत्तर अर्ध्याहून कमी येईल का?"

 मग एकेक मान मागे वळली. चाळीस मुलं मोठ्या बाईंकडे बघत राहिली. मोठ्या बाईंचं पेन थांबलं.

घंटा झाली, मुलं पांगली. मोठ्या बाई वही घेऊन पुढे आल्या.  ऐकून घेण्यापेक्षा आपणच बोललेलं बरं, असं छोट्या बाईंना वाटलं.

"बाई, मी दुसरी शाळा मागतेय. माझं शिकवणं तुम्हाला पटत नाही, कळतंय मला."

मोठ्या बाईंनी वही तिच्यापुढे उघडली. शेरा एकही नव्हता. चार दिवसांत फळ्यावर घातलेली गणितं होती. सोडवलेली, खोडलेली, पुन्हा सोडवलेली. शेवटच्या पानावर सहा घरांची पट्टी.

"मी शिवणाची बाई," त्या हळूच म्हणाल्या. "गणिताचे सर सोडून गेले, तेव्हा मुख्याध्यापक मला पंधरा दिवस वर्ग सांभाळा म्हणाले. त्याला तीन वर्षं झाली. मुलांना दोन पंचमांश मीच शिकवलंय."



मोठ्या बाईंनी वही मिटली. "चूक माझी होती, हे उद्या वर्गाला मी स्वतः सांगणार आहे. पण एकटीला धीर होत नाही हो. तुम्ही शेजारी उभ्या राहाल का?"